आसन-सौजन्याची मीमांसा

स्त्री-पुरुषांमधील आधुनिक शिष्टाचाराचा अभ्यास करू पाहणाऱ्याने ‘आसन’ या वस्तूपासून आरंभ करावा; कारण गोड बोलणे सर्वांनाच परवडते, बसलेली जागा सोडणे मात्र फार थोड्यांना परवडते. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत स्त्रियांना भाड्यात ५० टक्के सवलत मिळते आणि तिला ‘महिला सन्मान योजना’ असे भारदस्त नाव आहे. या सवलतीची भरपाई शासन करते, शेजारचा प्रवासी नव्हे. तरीही ‘आता सगळं बायकांचंच’ असा सुस्कारा तोच टाकतो, आणि तोही बहुधा ‘स्त्रियांसाठी राखीव’ असे वर लिहिलेल्या बाकावर बसून.

याच बाकावर आरक्षणजन्य निद्रा आढळते. आरक्षणजन्य निद्रा म्हणजे कडेवर मूल घेतलेली स्त्री दारातून आत येताच धडधाकट पुरुषास लागणारी आणि त्याचा थांबा येताच अलार्मशिवाय मोडणारी गाढ झोप. तिच्या सौम्य प्रकारात रोगी झोपत नाही, केवळ खिडकीबाहेरच्या उसाचे अनिमिष निरीक्षण करतो. जो उठून जागा देतो तो निश्चितच सज्जन होय, परंतु अशांपैकी काही जण पुढचा सारा प्रवास त्या आसनाची दांडी धरून, दानपत्र देऊन उभ्या राहिलेल्या राजासारखे, कृतज्ञतेची वाट पाहतात. (मुंबईच्या लोकलमधील महिला डब्यातही ‘कुठे उतरणार?’ या प्रश्नात विचारपूस कमी आणि जागेचा आगाऊ ताबा अधिक असतो, हे न्यायबुद्धीने नोंदवले पाहिजे. पण तेथे निदान कोणी त्यास दाक्षिण्य म्हणत नाही.)

कार्यालयीन शिष्टाचार वार्षिक असून तो ८ मार्च रोजी फुलतो. त्या दिवशी प्रत्येकीस एक गुलाब मिळतो आणि स्त्रियांनी बोलते व्हावे या विषयावर एखादे साहेब पाऊण तास बोलतात. लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी व तिची अध्यक्ष स्त्री हवी. गुलाबांची ऑर्डर वेळेवर जाते, समितीत कोण कोण आहे हे सांगण्यासाठी मात्र फाइल शोधावी लागते. ‘लेडीज फर्स्ट’ हे तत्त्व जेवणाच्या रांगेत काटेकोरपणे पाळले जाते आणि बढतीच्या यादीपाशी आले की त्याचा सर्वांनाच विसर पडतो.

तथापि या शास्त्राचा कळस गावातच पाहावा. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतील स्त्रियांचे आरक्षण २०११ मध्ये ५० टक्के झाले आणि ‘सरपंचपती’ या पदाची, कोणत्याही अधिनियमात उल्लेख नसताना, भरभराट झाली. सरपंचपती म्हणजे निवडून आलेल्या पत्नीस खुर्चीवर बसण्याचे कष्ट पडू नयेत म्हणून स्वतः तीवर बसणारा गृहस्थ. बसमध्ये जो उठायला तयार नव्हता तोच येथे बसायला तत्पर असतो, आणि दोन्ही ठिकाणी त्याला स्त्रीची काळजीच वाटत असते! ग्रामसेवक त्यालाच ‘सरपंच’ म्हणतो, ठेकेदार त्यालाच भेटतो, अभिनंदनाच्या फलकावर त्याचाच फोटो मोठा असतो. सरपंचबाई तेवढ्या, स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन, दाखवलेल्या जागी सही करतात. प्रत्येक ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याचे कायदेशीर बंधन आहे, तेही सौजन्याने पार पडते: नोंदवही घरोघर फिरते, म्हणजे कोणा स्त्रीस उन्हातान्हात सभेला यावे लागत नाही.

गावातील मतदारांना, म्हणून, एवढीच विनंती आहे की पुढच्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीविषयीचा प्रश्न ‘सरपंचताई’ असे स्पष्ट संबोधून विचारावा, आणि उत्तर शेजारच्या खुर्चीतून आल्यास तोच प्रश्न त्याच संबोधनासह पुन्हा विचारावा.