भोंगा नसलेली गिरणी

कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणीमालकांकडे मागितलं ते फार नव्हतं: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सूर्य मावळला की काम बंद. त्यातला रविवार मिळायला 10 जून 1890 उजाडला. बॅलार्ड इस्टेटमध्ये मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तोच रविवार परत मागितल्याचं जानेवारी 2025मध्ये सगळ्यांना कळलं. आठवड्याला 90 तास काम करा. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, हा त्यांचा सवाल. (अविवाहितांनी कोणाकडे बघायचं, याचा खुलासा झाला नाही.)

लोअर परळला गिरण्यांच्या जागी आता काचेची ऑफिसं आहेत. गिरणीचा भोंगा निदान पाळी संपल्याचंही सांगायचा. इथे साहेब रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितात, ‘घाई नाही, सवडीने बघा’, आणि निळ्या खुणा उमटायची वाट बघत बसतात. संध्याकाळी साहेब उठत नाहीत म्हणून अख्खा मजला उठत नाही. आठनंतरचा वेळ एक्सेलची तीच फाइल उघडण्या-मिटण्यात आणि दुसरी नोकरी शोधण्यात जातो. लोकांचं कामात मन रमावं म्हणून एचआरने शनिवारी योगवर्ग ठेवलाय. हजेरी सक्तीची.

आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी अधिक, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2021मध्ये सांगितलं. साहेबांनी ती बातमी ग्रुपवर टाकलीय. रविवारी दुपारी. सोमवारी नऊला त्यावर प्रेझेंटेशन हवंय.