उजेडकर काका

रो-हाउसच्या प्रत्येक सोसायटीत एक उजेडकर काका असतात. खरं आडनाव काहीही असो. साठी उलटलेली, हयात भोसरीच्या कारखान्यात मेन्टेनन्सला गेलेली आणि शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर. निवृत्तीनंतर ते गाडी बाहेर काढून कावळ्यांच्या हवाली करतात आणि गॅरेजला ‘वर्कशॉप’ म्हणू लागतात. टेबल येतं, त्यावर व्हाइस बसतो, भिंतीवर पाने मापाप्रमाणे टांगले जातात. आता काम सुरू करायचं, तेवढ्यात त्यांच्या ध्यानात येतं की इथे उजेड कमी आहे. तिथून पुढे उजेड हेच काम.

तक्रार खोटी नसते. बिल्डरने छताच्या मधोमध एकच होल्डर दिलेला असतो, तोही गाडीचा टप उजळावा म्हणून. टेबल भिंतीला. कामाला उभं राहिलं की दिवा पाठीमागे आणि आपलीच सावली नेमकी व्हाइसवर. काकांचं निदान नेहमी अचूकच असतं. घोळ उपचारात होतो. दुसऱ्या कुणी टेबलाच्या बरोबर वर, डोक्याच्या जरा पुढे, चार फुटी एलईडी बॅटन ठोकली असती. वीस वॅट, दोन हजारांच्या आसपास ल्युमेन, विषय संपला. पण विषय संपला तर उद्या सकाळी काकांनी करायचं काय?

म्हणून ते बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जातात. ६५०० केल्विनचा दिवा घ्यावा तर स्वतःचे हात परक्याचे वाटतात. ३००० चा घ्यावा तर रेझिस्टरवरचा पट्टा लाल की तपकिरी ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग दोन्ही येतात. मागून ४००० चाही येतो, मध्यस्थ म्हणून. मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप येतं. टेबलावर पाचशे लक्स हवेत आणि ॲप चारशे सत्तरच्या वर जात नाही, तेव्हा काका अस्वस्थ येरझाऱ्या घालतात. ‘छताला पांढरा रंग द्या की एकदा,’ हे काकू चहा ठेवता ठेवता सुचवतात. सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि शहाणा उपाय तोच. अर्थात तो सर्वांत शेवटी होतो.

शेजारचा पोरगा विचारतो, “काका, एवढ्या उजेडात बनवणार काय?”

“अरे, आधी दिसू तर दे!”

पण त्याच पोराला ते ग्राइंडरबद्दल सांगतात ते ऐकण्यासारखं असतं. चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला शंभरदा मिणमिणते. चाकाचा वेग तिच्याशी जुळला की गरगरणारं चाक चक्क थांबल्यासारखं दिसतं, आणि माणूस बोट घालतो. म्हणून कारखान्यात शेजारशेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर टाकायचे. हे सांगताना काकांचा आवाज बदलतो. तिथे विनोदाला जागा उरत नाही. त्यांचा स्वतःचा ग्राइंडर मात्र अजून थर्माकोलसकट खोक्यात आहे.

यथावकाश वायरिंगच्या पट्ट्या भिंतभर चढतात, स्विचबोर्डावर खडूने नावं पडतात: ‘टेबल’, ‘व्हाइस’, ‘सावली-१’, ‘सावली-२’. सावल्या मारणारे दिवेही सावल्या पाडतातच, त्यांची ही सोय. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, तेव्हा काका दार उघडं टाकून बसतात आणि टेबल उन्हाने लख्ख दिसतं. या गोष्टीची नोंद ते घेत नाहीत.

अखेर एक दिवस खरोखर एक वस्तू तयार होते. काकूंना देवघरापुढे बसायला सागवानी स्टूल. काका सगळी बटणं दाबतात. आणि त्या झगझगाटात स्टुलाचा प्रत्येक सांधा उघडा पडतो. एका पायाखाली पोस्टकार्ड सरकेल एवढी फट, करवत भरकटलेली, पॉलिशमध्ये ब्रशचा केस चिकटलेला.

काका थोडा वेळ बघत राहतात. मग ‘सावली-१’ बंद करतात. मग ‘व्हाइस’. मग ‘टेबल’.

आता पाहुणे आले की स्टूल दाखवलं जातं, पण वर बेडरूममध्ये, रात्रीच्या जेवणानंतर, झिरोच्या बल्बात.