लोककलावंताचा शोध कसा लावावा?
(नवशिक्यांसाठी आठ पायऱ्या)

अभिनंदन! तुमच्याकडे बऱ्या कॅमेऱ्याचा फोन आहे, शनिवार-रविवार मोकळा आहे आणि मागच्या आठवड्यात कुणाच्या तरी स्टेटसवर संबळ वाजवणारा एक म्हातारा तुम्ही अकरा सेकंद पाहिलाय. एवढी पात्रता पुरे. लोककलावंत शोधायला तुम्ही आता मोकळे आहात. गाण्याचा कान लागत नाही. ज्यांना कान असतो ते ऐकत बसतात आणि त्यांचं शूटिंग राहून जातं.

१. घरचं आधी विसरा.
चुलतभावाच्या लग्नानंतर तुमच्याच अंगणात गोंधळ झाला होता. चौक मांडला होता, दिवटी पेटली होती, संबळ घुमत होतं. तुम्ही गच्चीवर उशी घेऊन पडला होतात आणि "आवाज जरा कमी करा म्हणावं" असा निरोपही खाली धाडला होतात. हरकत नाही. घरच्या गोंधळाला कुणी शोध म्हणत नाही. तोच गोंधळी दीडशे किलोमीटरवर, धुक्यात, बांधाच्या कडेला भेटला की त्याचं 'दडलेलं रत्न' होतं. अंतर जितकं जास्त, रत्न तितकं अस्सल. टोलच्या पावत्या जपून ठेवा, पुढे मुलाखतीत सांगायला होतात.

२. जागा आणि वेळ जपून निवडा.
गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावला चुकूनही जाऊ नका. तेव्हा तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, घासाघीस होते, चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. मोठ्या फडात शंभरावर माणसं, त्यामुळे एकेका राहुटीत शंभर चुलींचा हिशेब चाललेला असतो. फडाचं नाव बाहेर फलकावर हातभर अक्षरांत लिहिलेलं, कोण नाचतं, सोंगाड्या कोण, रात्रीचे किती घेतात, सगळं जगजाहीर. अशा ठिकाणी बिचाऱ्या शोधकानं शोधायचं काय?

वेळेचं मात्र आता सोपं झालंय. पूर्वी वग रंगायचा मध्यरात्रीनंतर आणि माणसं घरी परतायची कोंबडं आरवल्यावर. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद केला. सवलतीचे मोजके दिवस सोडले, तर दहाच्या ठोक्याला कुणीतरी घड्याळ दाखवतं आणि वगातल्या राजपुत्राला राज्य मिळायच्या आत कनात उतरते. खंडोबाच्या जागरणातही माइकपुरतं बोलायचं तर जाग दहापर्यंतच. तुमच्या पथ्यावर पडलं. साडेदहाला हायवेवरच्या ढाब्यावर पोचता येतं.

३. 'उगवता' कोण, ते तुम्ही ठरवा.
कलावंत साठीचा आहे? आजोबांच्या मांडीवर बसून दिमडी शिकला? पंचक्रोशीतल्या तीन पिढ्यांची लग्नं त्याच्या आवाजात लागली? तरीही तो उगवताच. सूर्य कधीचा वर आलेला असो, तुम्ही उठलात तेव्हा सकाळ झाली. या तत्त्वावर मुळीच शंका घेऊ नका, सगळा व्यवसाय त्यावर उभा आहे.

४. फोन धरायला शिका.
पहिल्या रांगेत उभे राहा. मागे बसलेल्या आजीबाई "ए बाबा, खाली बस की" म्हणतील. त्यांच्याकडे मायेनं बघा. त्या दर वर्षी येतात, त्यांना काय अप्रूप? गायक डोळे मिटून वरच्या पट्टीत शिरला, की नेमका तेव्हाच फोन स्वतःकडे वळवा आणि डोळे पाणावल्यासारखे करा. लाइव्हमध्ये कलावंताइतकाच तुमचा चेहरा दिसायला हवा. नाहीतर शोध कुणी लावला हे लोकांना कळायचं कसं?

नेटवर्क गेलं तर गाणं थांबवून पुन्हा सुरू करायला सांगा. देवीला अर्ध्या वाटेतून परत पाठवणं गोंधळ्याला जरा जड जाईल. समजून घ्या आणि पुन्हा सांगा.

५. वाद्यांच्या नावात अडकू नका.
तुणतुणं दिसलं तर 'एकतारी' लिहा. तार एकच आहे, वाद मिटला. दिमडी, हलगी, डफ यांना सरसकट 'डफली' म्हणा. वाघ्याला शाहीर म्हणा, शाहिराला गोंधळी म्हणा, आणि अगदीच काही सुचलं नाही तर 'मातीतला सूर' लिहा. मातीला कुणाची हरकत नसते. एखाद्या म्हाताऱ्यानं "संबळ म्हणत्यात त्याला" असं सांगितलं, तर "हो हो, ढोलकीच ना" म्हणून त्याच्या खांद्यावर हात ठेवा. फोटो छान येतो.

६. शेवटचं कडवं कापा.
ही पायरी सर्वांत महत्त्वाची. आपल्या जुन्या कवींना एक वाईट खोड होती. ते शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफून ठेवायचे. एकनाथांच्या भारुडात 'एका जनार्दनी' येतं, लावणीत होनाजी येतो, राम जोशी येतो. रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्ण्यानं तर घरची कुलकर्णीपणाची चाकोरी सोडली, तमाशात पाऊल टाकलं आणि 'पठ्ठे बापूराव' हे नाव लावण्यांमध्ये असं ठोकून बसवलं, की १९४५ साली माणूस गेला तरी नाव हललं नाही. वामनदादा कर्डकांच्या भीमगीतांतही शेवटाकडे 'वामन' उभा असतोच. छापखाना नव्हता, तेव्हापासूनची ही नोंदणी होती. गाणारा कुणीही असो, गाव कुठलंही असो, रचणाऱ्याचं नाव गाण्याबरोबरच चालत राहायचं.

तुम्ही घाबरू नका. तुमचं रील तीस सेकंदांचं असतं आणि नाव शेवटी येतं. शेकडो वर्षं ज्याला कुणी हात लावू शकलं नाही, ते तुम्ही अंगठ्यानं उडवाल. वर 'पारंपरिक' असं लिहून टाका. पारंपरिक म्हणजे ज्याच्या वारसाला पैसे द्यावे लागत नाहीत ते.

७. बिदागीचा विषय निघाला तर.
निघेल. गरीब माणसं फार व्यवहारी असतात. तेव्हा आवाज मऊ करा आणि म्हणा, "काका, आम्ही तुम्हाला प्लॅटफॉर्म देतोय." संवाद साधारण असा होतो:

"दादा, ह्ये कुठं दिसंल?"
"सगळीकडे, काका. जगभर!"
"आमच्या गावातबी?"
"हो तर!"
"गावात तर आमी रोजच दिसतो की."

इथे मोठ्यानं हसा आणि हा तुकडाही रेकॉर्ड करा. 'ग्रामीण विनोद' या नावाखाली वेगळा टाकता येईल.

मन फारच खात असेल, तर मोठी उदाहरणं आठवा. तमाशातल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपती पुरस्काराचा मान मिळाला होता. टाळ्यांना तर गणती नव्हती. अखेरचे दिवस मात्र ओढगस्तीत काढून त्या २००२ साली गेल्या. आता तमाशासाठीचा राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावानं देतात. म्हणजे आपल्याकडे कौतुक कमी पडत नाही, फक्त जरा उशिरा पोचतं. आणि २०२० व २०२१, अशी लागोपाठ दोन वर्षं जत्रा बंद होत्या, फडांचे तंबू गुंडाळून पडले होते, तेव्हाही आपण सगळे घरात बसून लाइव्ह टाळ्या वाजवतच होतो की! मग या एका रीलची बिदागी ती काय मोठी?

८. मजकूर आणि फॉरवर्ड.
व्हिडिओखाली हे लिहा: 'ही आजी कोण, माहीत नाही. पण हिला इतकं व्हायरल करा की...' पुढचं वाक्य अर्धंच सोडा. त्यात खोच आहे. आजी कोण हे माहीत नसायला फार कष्ट पडतात. ती तुमच्यापासून चार हातांवर बसलेली होती, गाणं झाल्यावर तिनं तुम्हाला चहा विचारला, गुळाचा की साखरेचा हेही विचारलं. तेवढ्या वेळात तिचं नाव कानावर पडू न देणं हे नवशिक्याचं काम नव्हे. इथवर पोचलात, म्हणजे तुम्ही तयार झालात.

दोन दिवसांनी व्हिडिओ तुमच्याच मामेभावाकडून तुम्हाला परत येईल, तुमचंही नाव गाळून. त्याचं मात्र मनापासून वाईट वाटून घ्या. लोक किती कृतघ्न असतात!

शेवटी एक धोक्याची सूचना.
पुढच्या वेळी गोंधळाला गेलात, तर सुरुवातीची दहा मिनिटं फोन खिशात ठेवून ऐकू नका. तेव्हा गोंधळी देवांना आवतण देत असतो, एकेकाला नावानं आणि गावानं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. 'एक अनोळखी पण अस्सल देव' असं तो कुणालाच म्हणत नाही. नाव-गाव घेतल्याशिवाय पाहुणा येत नाही, हे त्याच्या धंद्याचं पहिलं शास्त्र.

ते कानावर पडलं, की तुमच्याही तोंडून निघून जाईल: "काका, नाव काय तुमचं? गाव कुठलं? सुपारी कितीची?" मग उत्तरं व्हिडिओखाली लिहावी लागतील, त्यांना विचारून नंबर द्यावा लागेल, खिशातून बिदागी काढावी लागेल आणि गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत ठेवावं लागेल. येत्या चैत्रात त्यांना चार सुपाऱ्या जास्त मिळतीलही. पण शोध लावणारे म्हणून तुम्हाला कुणी ओळखणार नाही.

बघा, परवडत असेल तर विचारा.