बॅटीवर बोली, अंड्यावर मौन
कुपोषित मुलांसाठी निधी जमवायला मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलात परवा जेवण आणि लिलाव होता. मीही गेलो होतो. जमलेला पैसा खरा आहे, तो मुलांच्या मुखी पडणार आहे, आणि तो जमवणाऱ्या पोरापोरींनी महिनोन्‌महिने उंबरे झिजवलेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. बोलायचं आहे ते हॉलमध्ये बसलेल्या आपल्यासारख्यांबद्दल.

क्रिकेटपटूच्या सहीची बॅट निघाली तेव्हा आकड्यांच्या पाट्या भराभर वर गेल्या. ‘एकवार, दोनवार’ म्हणायलाही पुकारणाऱ्याला उसंत मिळेना. बोली लाखांत गेली, टाळ्या पडल्या. चित्रं गेली, गोव्यातल्या बंगल्यातला आठवडा गेला. शेवटचा नग होता पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवरच्या शाळांसाठी: वर्षभर, आठवड्याला एक उकडलेलं अंडं. देणाऱ्याला घरी न्यायला काहीच नव्हतं. पाट्या टेबलावर पालथ्या पडल्या. माझ्या शेजारचे गृहस्थ मोबाइल बघू लागले. त्यांच्या ताटात एकदाच चावलेली मटण चॉप होती, ती वेटरने उचलून नेली. बऱ्याच वेळाने मागच्या टेबलांवरून तीन-चार हात वर आले.

पण माझा राग त्या पालथ्या पाट्यांवर थांबत नाही. ते अंडं लिलावात आलंच कसं?

शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं असं महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ठरवलं होतं. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्यासाठीचा पैसा काढून घेतला आणि शाळांना सांगितलं, द्यायचं तर लोकसहभागातून द्या. आता जव्हार-मोखाड्यातल्या शाळा व्यवस्थापन समितीने कुणाचा सहभाग मागायचा? भात झोडून झाला की तिथली अर्धी घरं कुलूप लावून वीटभट्टीवर जातात. वर्गणी मागायला गेलेल्या मास्तरांना दारात म्हातारी तेवढी भेटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. मुंबई-पुण्याचं, साखरपट्ट्याचं, देशातल्या श्रीमंत म्हणवणाऱ्या राज्याचं हे मोजमाप आहे. आणि मुलांचं जेवण ही कुणाची मेहेरबानी नाही. शाळेत शिजवलेलं अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ते जेवण मुलांचा हक्क म्हणून लिहून ठेवलं. हक्काच्या ताटातलं अंडं बोलीवर सोडलं की ते मिळणार की नाही हे कुणाच्या तरी त्या संध्याकाळच्या मर्जीवर ठरतं. यंदा हात वर आले. पुढच्या वर्षी बाजार पडला, यजमान बदलले, की सोमवारी ताटात नुसती खिचडी.

त्या हॉलमध्ये असे किमान दहाजण होते की ज्यांचा फोन मंत्री पहिल्या घंटीला उचलतात. जमिनीच्या फाइलीसाठी, परवान्यासाठी ते तो लावतातही. अंड्यासाठी एकानेही लावलेला नाही. ‘राजकारण नको’ म्हणतात. मुलाच्या ताटातून अंडं काढणं हा सरकारी निर्णय होता, राजकारण तिथेच झालं. त्याबद्दल गप्प बसायचं आणि बॅट भिंतीवर टांगायची, याला मी दानत म्हणणार नाही.

मी आयोजकांना दोन गोष्टी सुचवल्या आहेत. पुढच्या वर्षी प्रत्येक ताटाशेजारी शालेय शिक्षणमंत्र्यांच्या नावे एक पत्र ठेवा: अंड्याचा निधी पुन्हा सुरू करा, एवढ्या एकाच मागणीचं. आणि त्याच्यावर नाव, हुद्दा, सही केल्याशिवाय बोलीची पाटी कुणाच्या हातात देऊ नका.