स्टेअरिंग जड, दोष कुणाचा?

ट्रॅक्टरचं स्टेअरिंग जड चालतंय म्हणून ड्रायव्हरनं तक्रार केली, की आपल्याकडं उत्तर ठरलेलं: "भाकर खाऊन आला नाहीस का?" हे विचारणारा बहुतेक वेळा सीटवर बसत नाही. बसतो तो ड्रायव्हर. उसाचं गाळप सुरू झालं की दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मांजराकाठच्या आणि अर्धापूरकडच्या कारखान्यांच्या रस्त्यांवर, मागं दोन-दोन ट्रॉल्या ओढत, रात्री-अपरात्री तोच वळणं काढतो. त्याच्या खांद्याचं दुखणं आपण फुकटात वापरतोय.

जड स्टेअरिंग हा ट्रॅक्टरचा स्वभाव नव्हे. तो बिघाड आहे आणि शोधता येतो. जॅक लावून पुढचा अ‍ॅक्सल उचला. स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडं येणारा ड्रॅग लिंकचा दांडा सोडवा. आता चाक हातानं डावी-उजवीकडं वळवा. वळायला नको म्हणत असेल तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो खिळा, धरलाय. चाक मोकळं आणि वरचं स्टेअरिंगच घट्ट असेल तर बॉक्स उघडा. तेल आटलं असेल, नाहीतर बेअरिंग गेलं असेल. एवढं न बघता "मॉडेलच तसलं आहे" म्हणणाऱ्या मिस्त्रीला पैसे देऊ नका.

ग्रीससुद्धा चाक उचलूनच मारायचं असतं. ट्रॅक्टर चाकावर उभा असताना सगळा भार किंगपिनच्या बेअरिंगवर बसलेला असतो. तिथं ग्रीस शिरत नाही, बाजूनं बाहेर येतं आणि बघणाऱ्याला वाटतं भरलं. काळं, मातीमिश्रित ग्रीस निघून स्वच्छ दिसू लागेपर्यंत गन दाबायची. आपली काळी माती पावसाळ्यात सगळीकडं घुसते; निप्पल बुजलं असेल तर बदलायचं. मागच्या टायरची हवा सगळे बघतात, पुढच्या टायरकडं कुणी ढुंकून बघत नाही. पुढं हवा कमी असली की टायर रस्त्यावर पसरतं आणि प्रत्येक वळण हातावर येतं.

खरी गफलत वजनाची आहे. भरलेल्या ट्रॉल्या चढाला लागल्या की ट्रॅक्टर पुढून उठतो. चाकं हलकी झाली की स्टेअरिंग फिरतं, पण ट्रॅक्टर वळत नाही, आणि हे जिवावर बेतणारं आहे. म्हणून बंपरवर लोखंड, मातीची पोती, दगड लादले जातात. ट्रॅक्टर बसतो खाली, पण तो सगळा बोजा आता ड्रायव्हरच्या मनगटावर. आधी हूक बघा. ओढ जितकी उंचावरून, तितका पुढचा भाग जास्त उठतो. ट्रॉली खालच्या हुकाला, कंपनीनं दिलेल्या जागीच जोडा, माल बेतानं भरा. मग पुढं वजनही बेतानंच लागेल. गुलमर्गच्या बर्फावर पर्यटकांना फिरवणाऱ्या स्नोमोबाइलचंही गणित हेच आहे. बर्फावर घसरणाऱ्या पुढच्या पट्ट्यांवर भार वाढला की हँडल जड होतं, म्हणून जाणकार स्प्रिंग आणि सस्पेन्शनचा पट्टा जुळवून भार मागं सरकवतात. हँडल मारणाऱ्याला कुणी भाकरीचं विचारत नाही.

हात हलका करणारं पॉवर स्टेअरिंगही काही नवं नाही; क्रायस्लरनं ते 1951 साली इम्पीरियल मोटारीत बाजारात आणलं. ट्रॅक्टरच्याही कितीतरी मॉडेलांत साधं आणि पॉवर, दोन्ही मिळतं. तरी शोरूममध्ये स्टेअरिंगवर पैसे वाचवायचे आणि बाहेर पडल्यावर साउंड, लायटिंग, झालरी यांवर ते उधळायचे, हे मी लातुरातही बघतो, नांदेडातही. मला याचा राग येतो. स्वतः चालवणारा शेतकरी अडचणीपायी साधं घेतो, ते समजतं. पण ड्रायव्हर ठेवून हंगामभर ऊस ओढणाऱ्यानं असा हिशेब करू नये. आणि पॉवर घेतलं म्हणून सुटका नाही. त्याचंही तेल, फिल्टर, पंप बघावा लागतो. इंजिन बंद पडलं की ते साध्याहून जड होतं.

ड्रायव्हरदादांनाही एक सांगतो. उभ्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग ओढू नका. चाक जरासं घरंगळू द्या, मग वळवा. हात वाचतो, जॉइंटही वाचतात.

कारखान्यांना हे सहज जमेल. हंगामाच्या तोंडावर यार्डात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम होतेच, फोटोही निघतात. त्याच दिवशी, त्याच यार्डात दोन जॅक आणि एक मिस्त्री ठेवा. प्रत्येक ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल उचला, चाक हातानं वळवून बघा, हुकाची उंची तपासा. ज्याचं चाक वळत नाही, त्याला दुरुस्ती होईपर्यंत उसाची पहिली खेप देऊ नका. वाहतुकीच्या करारात ही एक ओळ यंदाच घाला.