टाइम्स न्यू रोमनमधली अहिराणी

मुंबई-अहमदाबाद आणि सुरत-धुळे हे दोन महामार्ग कडोदऱ्याला एकमेकांना छेदतात. त्या चार रस्त्यावर पहाटे धुळ्या-नंदुरबारकडची बस थांबली की निम्मी बस अहिराणीत भांडत खाली उतरते. या सुरतेकडच्या अहिराणीवर मी शोधनिबंध लिहिला. लिहायला 4 महिने लागले, नियतकालिकाच्या साच्यात बसवायला 11.

सूचनापत्र 12 पानांचं, निबंध 14. पहिलीच सूचना : लेख मराठीत असावा, फॉन्ट टाइम्स न्यू रोमन. आता हा फॉन्ट 1932 साली लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये अवतरला. त्यात देवनागरीचा 'ग'सुद्धा नाही. चार रस्त्याजवळच्या झेरॉक्सवाल्या पोराला हे सांगितलं. तो आजोळाकडून जळगावचा. म्हणाला, "सर, वरच्या खोक्यात नाव टाइम्सचं ठेवू, अक्षरं मंगलमध्ये. कोण बघतं?" खरंच कोणी बघितलं नाही. नियमही पाळला गेला आणि पोराचे 40 रुपयेही झाले.

मग साम्य-तपासणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे. माझं निघालं 42. चोरी कुणाची, तर माझ्याच पीएच.डी.ची! तो शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात चढलेला, त्यामुळे यंत्राने मला माझ्याच घरात शिरताना रंगेहाथ पकडलं. मग आठवडाभर स्वतःचीच वाक्यं फिरवत बसलो. 'अहिराणी बोलणारे लोक कामासाठी सुरतेत आले' याचं 'सुरतेत कामासाठी जे आले, ते अहिराणी बोलत'. साम्य 9 टक्क्यांवर आलं. अर्थही साधारण तेवढाच उरला.

पहिल्या परीक्षकाला निबंध आवडला. दुसऱ्याने विचारलं, विषय सुरतेचा असून 1664च्या स्वारीचा उल्लेख कसा नाही? शिवाजी महाराजांच्या फौजेतलं कोणी इथल्या अहिराणी लोकांसारखं साड्यांना लेस लावायला मागे राहिल्याची नोंद मला तरी सापडली नाही, पण मुकाट तळटीप दिली. ट्रकशी वाद घालणाऱ्या रिक्षावाल्याचं काय होतं, ते कडोदऱ्यात राहणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

खरा घाम फुटला तो मुद्रितं आल्यावर. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, हा माझा मुख्य मुद्दा. डोळ्याचा डोया, अमळनेरचं अमयनेर. त्याचा तक्ता केला होता : डावीकडे प्रमाण मराठी, उजवीकडे अहिराणी. कर्तव्यदक्ष मुद्रितशोधकाने उजवीकडचं सगळं 'अशुद्ध' शुद्ध करून टाकलं होतं. डोळा – डोळा. अमळनेर – अमळनेर. आणि खाली माझंच वाक्य जसंच्या तसं : 'वरील तक्त्यावरून फरक स्पष्ट होतो.'

हे निस्तरेपर्यंत फेब्रुवारी 2025 उजाडला. मान्य नियतकालिकांच्या ज्या केअर यादीत नाव आहे म्हणून मी हे नियतकालिक निवडलं होतं, ती यादीच आयोगाने बंद केली.

असो. अंक आला, तो घेऊन मोठ्या मायकडे गेलो. निबंधातली निम्मी उदाहरणं तिची. साड्यांना लेस लावता लावता ती बोललेली, मी मोबाइलवर टिपलेली. अंक तिने दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला, दातांनी धागा तोडला आणि विचारलं, "मनं नाव कोठे शे?"

आता संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीत तोंडी ऐकलेलं 'वैयक्तिक संवाद' म्हणून मजकुरात कंसात येतं. संदर्भसूचीत त्याला जागा नाही, कारण वाचकाला ते मूळ शोधून पाहता येत नाही. मोठी माय तर सकाळी 6पासून रात्री 10पर्यंत ओट्यावर सापडते, पण तिच्यापुढे एपीए कुठे काढणार? कंसातलं नाव दाखवलं. तिचं बोट मात्र सूचीवरच. तिथे भाषा-सर्वेक्षणवाले ग्रिअर्सन होते : 1907, खंड 9, भाग 3. खानदेशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, भिल्ली भाषांच्या पंगतीत बसवणारे.

"हाऊ कोन शे? अमयनेरना का?"

"नाही माय. गोरा साहेब होता."

"त्याले अहिरानी येस का?"

मी उत्तर जुळवेपर्यंत तिने गठ्ठ्यातली पुढची साडी ओढली आणि कात्री माझ्या हातात दिली.