रिले टाकलाय ना?

नानांना ओळखत नाही असं म्हणू नका. रविवारी सकाळी तुमच्या पार्किंगमध्ये एखाद्या मोटरसायकलची सीट एकीकडे, टाकी दुसरीकडे आणि मधोमध पायजमा-बनियनमधला एक गृहस्थ तोंडात इन्सुलेशन टेपचा तुकडा धरून उकिडवा बसलेला दिसतो ना? तेच नाना. ती गाडी त्यांची नसते. ज्याची असते तो बापडा शेजारी उभा असतो, आणि त्याला अकरा वाजता कुठेतरी पोचायचं असतं.

मी त्यांच्याकडे फक्त विचारायला गेलो होतो. गाडीवर मोबाईल चार्ज करायला यूएसबी पॉइंट बसवायचाय, कुठल्या दुकानात जाऊ? पार्किंग लाइटची वायर दाताने सोलून हे काम चहा पिऊन होईतो करून देणारी पोरं चौकाचौकात बसलेली आहेत, हे मलाही ठाऊक होतं. नानांनी चष्मा कपाळावर चढवला.

"लोड किती?"

लोडचा विचार करून मी आयुष्यात काहीच विकत घेतलेलं नाही. नानांनी कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. "पाच व्होल्ट, दोन अँपिअर. म्हणजे दहा वॅट. बाराच्या बॅटरीवर एक अँपिअरसुद्धा नाही." मला हायसं वाटलं. "तरी रिले टाकू," नाना म्हणाले.

"एक अँपिअरही नाही म्हणताय, मग रिले कशाला?"

"आज चार्जर लावताय. उद्या फॉग लॅम्प मागाल. परवा गरम होणारे ग्रिप." (पुण्यात ग्रिप गरम करायला मे महिना पुरतो, पण हे बोलायची माझी छाती झाली नाही.) रिले पडला. माझा रविवारही पडला.

रिले म्हणजे काय हे नानांकडूनच ऐकावं, पण मग जेवणाची वेळ टळते, म्हणून मीच सांगतो. काळ्या प्लास्टिकची एक डबी. आत कॉईल. हँडलवरच्या स्विचमधून तिला दीड-दोनशे मिलिअँपिअर करंट मिळाला की ती लोहचुंबक होते, आतली पत्ती खेचते, आणि बॅटरीतून थेट आलेला मोठा करंट दिव्याकडे जातो. स्विचला कष्ट नाहीत, कंपनीच्या वायरिंगवर भार नाही. ५५ वॅटचे दोन दिवे लावले तर ११० वॅट झाले, म्हणजे नऊ अँपिअरच्या वर. एवढा करंट बारक्या वायरीतून आणि हॉर्नच्या बटणाएवढ्या बटणातून नेला, तर आधी बटण मऊ पडतं, मग वायरीचं आवरण, आणि मग वास येतो. 'मग वास येतो' हे नाना फार हळू म्हणतात.

डबीच्या पायांपाशी आकडे छापलेले असतात. जर्मन मानकातले आकडे, जगभर तेच. ३० म्हणजे बॅटरी, ८७ म्हणजे दिवा, ८५ आणि ८६ म्हणजे कॉईलची दोन टोकं. नाना ते पाढ्यांच्या चालीवर म्हणतात. त्यांच्या एटीएमचा पिन काय असेल हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे, फक्त ८५ आधी की ८७ आधी एवढाच मतभेद आहे.

दर शनिवारी ते नाना पेठेत जातात. ती पेठ नाना फडणविसांच्या नावाची आहे, पण आमचे नाना तिथे वतनदाराच्या चालीने शिरतात. दुचाकीचे होल्डर, स्विच, क्लॅम्प तिथून. लग, हीट श्रिंकची नळी, चांगल्या तांब्याची वायर मात्र तपकीर गल्लीतून. दुकानदार रिले पुढे करतो. नाना तो कानाशी नेऊन हलवतात. आत काही वाजलं तर परत. नाही वाजलं तरी एक परत, कारण पहिल्याच खेपेला वस्तू पसंत करणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. दुकानदारांनी आता उपाय काढलाय: आधी मुद्दाम जुना रिले दाखवतात, तो नानांना नाकारू देतात, आणि मग खरा काढतात.

नानांच्या मते जगातल्या बहुतेक भानगडी रिले न टाकल्यामुळे होतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्कूटरचा हॉर्न घोगरा झाला: रिले. सोसायटीच्या सभेत चेअरमन आणि सेक्रेटरी हमरीतुमरीवर आले: "यांच्यात थेट जोडणी आहे, मध्ये रिले हवा." सरकारी कचेरीत त्यांचं काम अडलं, तेव्हा साहेबाला भेटायच्या फंदात न पडता ते शिपायाशी गोड बोलून काम करून आले. "छोटा करंट हलवला की मोठा हलतो," असं म्हणाले. लाचेचा रिले आमच्या नानांनी शोधला असं मी म्हणत नाही, कारण त्यांनी फक्त चहा पाजला होता. पण तत्त्व तेच.

या विषयावर शेवटचा शब्द मात्र त्यांच्या सौभाग्यवतींचा आहे. "आमच्या घरात रिले पूर्वीपासूनच आहे की," एकदा त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "सासूबाई नुसतं 'हं' म्हणायच्या. दोनशे मिलिअँपिअर. आणि तेवढ्यावर हे स्वयंपाकघरात येऊन अख्खी बॅटरी चालवायचे." नानांनी त्या दिवशी टेस्टर शोधायला बाल्कनी गाठली.

रिलेखालोखाल फ्यूज. दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा. "फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो," हे वाक्य ते कुणालाही, कुठेही ऐकवतात. एकदा श्रावणात सत्यनारायणाच्या पूजेला ऐकवलं. फ्यूज बॅटरीच्या जवळात जवळ हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे घासली आणि बॉडीला टेकली, तर तिला वाचवणारं कुणी नाही. हे सगळं बरोबर आहे, आणि नानांचा राग येतो तो नेमका यामुळेच. चुकीचं बोलणारा माणूस निदान मध्येच तोडता येतो.

चौकातल्या पोरांचं नाव काढलं की नाना आणखी तापतात. लाल-निळे चमकणारे दिवे, समोरच्याला आंधळा करणारे एलईडीचे पट्टे, आणि सगळं एका टेपच्या गोळ्यात कोंबलेलं. आमच्या सी विंगमधल्या एकाला गाडीवर वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न हवा होता. नानांनी त्याला मोटार वाहन नियमातला ११९ क्रमांकाचा नियम तोंडपाठ ऐकवून परत पाठवलं. तो बाहेरून बसवून आला. पंधरवड्यात त्याचा हॉर्न गाडी उभी असताना आपोआप वाजू लागला, तेही पहाटे. नानांनी खाली येऊन वायर तोडली, पण जोडून मात्र दिली नाही. "अर्थ सोडलाय कुठे, माहितीये? पत्र्याच्या रंगावर!" हे त्यांनी आम्हा प्रत्येकाला गाठून सांगितलं. रंग घासून खालचं लोखंड उघडं केल्याशिवाय अर्थ लागत नाही. आता हे मला झोपेतही सांगता येतं.

पावसाळ्याआधी पोरं वरंध घाटात, ताम्हिणीत जायला निघतात आणि नानांचा हंगाम सुरू होतो. पिवळे फॉग लॅम्प बसवून झाले की गाडी पार्किंगच्या भिंतीसमोर उभी राहते. नाना गाडीवर मालकालाच बसवतात, कारण माणसाच्या वजनाने मागचं सस्पेन्शन दबतं आणि दिव्याचं तोंड वर होतं. मग टेपने दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारतात. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या खाली आली पाहिजे. ती येईपर्यंत एक नट पाव आटा सैल, एक पाव आटा घट्ट. मालक तिथे बसून बसून अवघडतो. "हलू नकोस, तू मोजमापात धरलेला आहेस." आमच्या पार्किंगची भिंत त्या रेघांनी भरलेली आहे. रंगाचा खर्च कुणी द्यायचा हा विषय दर वार्षिक सभेत येतो आणि नाना तो दर वर्षी दिव्याच्या उंचीवर नेऊन संपवतात.

ते स्वतः मात्र कुठे जात नाहीत. त्यांची नव्वदच्या दशकातली बुलेट आहे, हेडलाइटच्या टोपणावर अँपिअर मीटर असलेली. तो काटा म्हणजे नानांची घरखर्चाची वही: करंट आला की उजवीकडे, गेला की डावीकडे, सगळा व्यवहार डोळ्यांसमोर. किक मारण्याआधी ते हळूहळू इंजिन फिरवतात, काटा मध्यावर आला की थांबतात, डीकॉम्प्रेशनची दांडी दाबून किक जराशी पुढे सरकवतात, आणि मग एकच किक. गाडी सुरू होते. दोन-पाच मिनिटं काटा बघतात आणि बंद करतात.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागायला लागला आणि हँडलवरचा त्याचा स्विच गेला, तेव्हा नाना हळहळले होते. दिवसाढवळ्या दिवा लागतो याचं त्यांना काही नव्हतं. अपघात कमी व्हावेत म्हणून आहे, चांगलंच आहे, म्हणाले. "पण बंद करायचं माणसाच्या हातात नको का?"

आता जे सांगणार आहे ते नानांपर्यंत पोचू नये. कोल्हापूरहून येताना कराडच्या अलीकडे माझी गाडी फडफडायला लागली आणि बंद पडली. हायवेच्या कडेच्या मेकॅनिकने प्लग काढला, पुसला, मग करंट बघायला सीट उचलली आणि तसाच थांबला. काळ्या नळीत ओवलेल्या वायरी, दर वीतभर अंतरावर बांधलेल्या, कुठेही न घासणाऱ्या. रिलेचं तोंड खाली, म्हणजे पाणी साचायला नको. फ्यूजच्या शेजारी एक जास्तीचा फ्यूज टेपने चिकटवलेला, आणि त्याला बारीक अक्षरातली चिठ्ठी: 'चार्जर. फक्त ५चाच टाकणे.' मेकॅनिकने हाताखालच्या पोराला हाक मारली. "ये इकडं. वायरिंग कशी करायची बघून घे." मग मला विचारलं, "कुणी केलंय हे?"

"आमचे एक नाना आहेत," मी म्हणालो. त्या 'आमचे'मध्ये थोडा तोरा आला होता, हे मला नाकारता येत नाही. दोष प्लगमध्येच निघाला. घरी येऊन मी नानांना एवढंच सांगितलं की वाटेत सीट उघडावी लागली. मेकॅनिकचं कौतुक सांगितलं नाही, नाही तर आणखी एक रविवार गेला असता. त्यांनी विचारलं, "टेप सुटली नव्हती ना?"

नाना वीज मंडळात असतील असं नवख्यांना वाटतं. ते विमा कंपनीत होते, वाहनांच्या दाव्यांच्या टेबलावर. उभं आयुष्य त्यांनी जळालेल्या गाड्यांचे फोटो पाहिले आणि अर्जातल्या 'कारण' या रकान्यापुढे 'शॉर्ट सर्किट' वाचलं. बाहेरून केलेल्या जोडणीमुळे दावा फेटाळला गेला, तर ते पत्र त्यांच्याच टेबलावरून जायचं. हेही मला त्यांच्या सौभाग्यवतींनी सांगितलं. भाजी निवडतानाच, पण हसत नव्हत्या.

गेल्या वर्षी बी विंगमध्ये विजेवर चालणारी पहिली स्कूटर आली. नाना लगेच खाली उतरले. चार्जिंग पॉइंट कंपनीचा, दिवे एलईडी, हॅझर्ड आधीच दिलेला. त्यांनी दोनदा प्रदक्षिणा घातली. "फ्यूज बॉक्स कुठेय रे?" मालक पोरगा म्हणाला, "अ‍ॅपमध्ये बघतो." नंतर तो म्हणाला, वायरिंगला हात लावला तर वॉरंटी जाते, आणि पुढच्या अपडेटमध्ये हॉर्नचा आवाज बदलता येणार आहे. नाना "बरं" म्हणाले. त्या शनिवारी ते पेठेत गेले नाहीत. आम्हाला शांतता मिळाली, आणि ती कुणालाच फारशी आवडली नाही, एवढं कबूल करावं लागेल.

महिन्याभराने सभेत स्कूटर चार्ज करण्याचा विषय निघाला. तोपर्यंत आणखी काही जणांनी तसल्याच गाड्या घेतल्या होत्या. सेक्रेटरींची योजना सोपी होती: लिफ्टच्या मीटरवरून एक एक्स्टेन्शन बोर्ड ओढायचा आणि सगळ्यांनी पाळीपाळीने लावायचं. मागच्या रांगेतून आवाज आला, "वायर किती स्क्वेअर एमएमची?"

सभा जागच्या जागी कण्हली. नाना उठले. खिशातून लग्नपत्रिका निघाली. किती गाड्या, किती तास, एका वेळी किती, एमसीबी केवढा, आरसीसीबी का हवा, अर्थिंगचा खड्डा शेवटचा कधी तपासला. शेवटच्या प्रश्नावर चेअरमनांनी सेक्रेटरींकडे पाहिलं, सेक्रेटरींनी छताकडे. काम नानांच्या देखरेखीखाली करायचं असा ठराव झाला. इतक्या एकमताने ठराव आमच्याकडे पूर्वी पाण्याच्या टँकरसाठीच झाला होता.

सह्या करता करता चेअरमनांनी जपून विचारलं, "नाना, मग यात रिले टाकलाच असेल ना तुम्ही?"

नानांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "एवढ्या लोडला रिले? अहो, इथे कॉन्टॅक्टर लागतो. रिलेचा थोरला भाऊ. बसा, सांगतो."